कांजी शिकायची कशी, टिकवायची कशी

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चार-लिप्या महिन्याभरात हातात बसतात. त्यांचा क्रमही आपल्याला परका नाही. अ, इ, उ, ए, ओ झाले की क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत वर्णमाला अभ्यासणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तिथे रुजला. खरी दमछाक सुरू होते ती कांजीपाशी, म्हणजे चीनमधून आलेल्या, अर्थ दाखवणाऱ्या अक्षरांपाशी. जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या यादीत, म्हणजे जोयो कांजीत, २०१० पासून २१३६ कांजी आहेत आणि त्यांचे यादीतले उच्चार आहेत ४३८८. आकडा ऐकूनच पोटात गोळा येतो.

मी सुरुवातीला घोकंपट्टी केली. रोज दहा कांजी, प्रत्येकीपुढे तीन-चार उच्चार, शेवटच्या रकान्यात अर्थ. चार महिन्यांत तीन वह्या भरल्या. मग एकदा सरावाच्या उताऱ्यात ‘वर’ आणि ‘हात’ या दोन कांजी शेजारी-शेजारी आल्या. दोन्ही मला पाठ होत्या, म्हणून मी धडधडीत ‘उए-ते’ असं वाचलं. शब्द होता ‘जोऽझु’, म्हणजे एखाद्या गोष्टीत निपुण. दोन्ही कांजी येत असूनही शब्द येत नव्हता. त्या दिवशी वहीचे रकाने बंद केले. कांजी वाक्यात सुटी येत नाही, ती शब्दाचा भाग होऊन येते. म्हणून ती शब्दातूनच शिकायची. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, आणि मराठी माणसाचा कान त्यासाठी आधीच तयार असतो. तो कसा, ते चौथ्या पायरीवर सांगते.

एक सूचना आधीच. या लेखात मी कांजी छापलेल्या नाहीत, उच्चार आणि अर्थ दिले आहेत. फोनवर जपानी कीबोर्ड सुरू करा, उच्चार टाइप करा, समोर येणाऱ्या पर्यायांतून अर्थाशी जुळणारी कांजी निवडा आणि वहीत लिहा. ‘ऽ’ हे चिन्ह जिथे आहे तिथला स्वर लांबवायचा. ‘ओऽ’ असेल तर टाइप करताना बहुतेक ठिकाणी ओकारानंतर ‘उ’ द्यावा लागतो. आयती मिळालेली कांजी डोळ्यांसमोरून निघून जाते. शोधून, निवडून लिहिलेली राहते.

पहिली पायरी: वही आणि आठवड्याचे वार

महागडी साधनं लागत नाहीत. शाळेत गणिताला वापरतात ती चौकटीची वही घ्या आणि एका कांजीला चार चौकटी द्या, दोन वर, दोन खाली. मधोमध आपोआप फुली तयार होते. जपानी मुलांच्या सरावाच्या वहीत प्रत्येक चौकटीत अशीच तुटक रेघांची फुली असते. कोणती रेघ मध्यापासून किती दूर आहे, हे त्यामुळे कळतं. पेन्सिल मऊ शिशाची घ्या, रेघेचा जोर दिसायला हवा.

सुरुवात वारांपासून करा. जपानी वारांची नावं सात कांजींवर उभी आहेत: सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, झाड, सोनं, माती. निचियोऽबि, गेत्सुयोऽबि, कायोऽबि, सुइयोऽबि, मोकुयोऽबि, किन्योऽबि, दोयोऽबि. आता हे आपल्या वारांशी लावून बघा. रविवारी सूर्य आणि सोमवारी चंद्र तर सरळच आहेत. मंगळाला जपानीत कासेइ म्हणतात, म्हणजे अग्नीचा तारा. बुध सुइसेइ, पाण्याचा. गुरू मोकुसेइ, झाडाचा. शुक्र किनसेइ, सोन्याचा. शनी दोसेइ, मातीचा. क्रम तोच, ग्रह तेच. मंगळवार आठवला की मंगळ आठवतो, मंगळावरून अग्नी, आणि अग्नीवरून कायोऽबि. नवीन काही पाठ करावं लागत नाही.

या सातांपैकी पाच कांजी चार-चार रेघांच्या आहेत, मातीची तीनच रेघांची. सोन्याची आठ रेघांची आहे, तिला थोडा वेळ द्या. वारांच्या नावात मधे येणारी ‘योऽ’ मात्र अठरा रेघांची आहे, ती सध्या नुसती ओळखता आली तरी पुरे. एका आठवड्यात सात कांजी, सात वार आणि पाच ग्रह पदरात पडतात.

दुसरी पायरी: रेघांचा क्रम

याला जपानीत काकिजुन म्हणतात. ‘आकार बरोबर आला की झालं, क्रमाशी काय करायचंय?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतंच. उत्तर असं की क्रम हाताला आठवतो. वीस रेघांची कांजी डोळ्यांना आठवली नाही तरी हात पहिली रेघ ओढतो आणि बाकीच्या मागोमाग येतात. आपण पाटीवर अक्षरं गिरवायचो तेव्हा हेच होत होतं.

नियम थोडेच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर बहुधा आडवी आधी. चौकोनाच्या आत काही असेल (‘कुनि’, म्हणजे देश, ही कांजी बघा) तर आधी भिंती उभ्या करायच्या, मग आत सामान मांडायचं आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी, घर आवरून दार लावतो तशी. आख्ख्या अक्षराला आरपार छेदणारी रेघही शेवटी. ‘नाका’ म्हणजे मध्य, त्यातली उभी रेघ शेवटची. ‘को’ म्हणजे मूल, त्यातली आडवी शेवटची. आपण अक्षर लिहून झाल्यावर शिरोरेघ देतो तोच हात इथे चालतो.

तोंड या अर्थाची ‘कुचि’ दिसते चार बाजूंची, पण रेघा तीनच. वरची आणि उजवी बाजू एका ओढीत येते. ‘मिगि’ आणि ‘हिदारि’, म्हणजे उजवा आणि डावा, यांचा वरचा भाग सारखाच दिसतो. तरी उजव्याची सुरुवात तिरप्या रेघेने होते आणि डाव्याची आडव्या रेघेने. अशा अपवादांसाठी नियम शोधत बसू नका, पाच वेळा लिहा आणि पुढे चला.

रेघेचा शेवट मात्र बारकाईने बघा. तो तीन प्रकारचा असतो: थांबवायचा (तोमे), वर झटकायचा (हाने), किंवा निमुळता करत सोडायचा (हाराइ). छापील अक्षरात हा फरक चटकन दिसत नाही, म्हणून हस्ताक्षरासारखा टंक असलेला नमुना समोर ठेवा.

तिसरी पायरी: कांजीचे अवयव ओळखा

‘स्त्री’ लिहिताना आपण रेघा मोजत नाही. स, त, र आणि ईकार, एवढंच मनात असतं. कांजीचंही तसंच आहे. तेरा-चौदा रेघांची कांजी म्हणजे बहुधा दोन-तीन ओळखीचे तुकडे असतात. कोशात कांजी ज्या मुख्य तुकड्याखाली लावतात त्याला बुशु म्हणतात. अठराव्या शतकातल्या कांग्शी या चिनी कोशाने ठरवलेले २१४ बुशु आजही आधार मानले जातात. सगळे पाठ करू नका. पहिल्या वर्षाला तीस-पस्तीस पुरतात.

जागेवरून त्यांना नावं आहेत. डावीकडचा हेन, उजवीकडचा त्सुकुरि, डोक्यावरचा कानमुरि म्हणजे मुकुट, वेढणारा कामाए. ही नावं शिकून घ्या, कारण जपानी माणसं एकमेकांना कांजी तोंडी सांगताना हीच वापरतात. डावीकडे तीन थेंब म्हणजे सानझुइ: समुद्र, तलाव, पोहणं, धुणं. ‘हेन’मधला माणूस निनबेन. बोलण्याचा गोनबेन: भाषा, गोष्ट, कविता. गवताचा मुकुट कुसाकानमुरि: फूल, चहा, औषध.

एक तुकडा जवळून बघू. ‘काइ’ म्हणजे शिंपला. जपानी मुलांना तो पहिलीतच शिकवतात. परदेशी विद्यार्थ्याला वाटतं, शिंपल्याचं मला काय काम? पण प्राचीन चीनमध्ये कवड्या पैशांसारख्या वापरत, त्यामुळे पैशाशी संबंध असलेल्या कांजींमध्ये हा शिंपला दडलेला असतो. विकत घेणे (काउ) याच्या तळाशी तो आहे. खर्च, संपत्ती, साठवणे, सगळ्यांत आहे. गरीब या अर्थाच्या ‘माझुशिइ’मध्ये वर ‘वाटणे’ आहे आणि खाली हा शिंपला, म्हणजे होतं नव्हतं ते वाटलं गेलं. ‘फुटकी कवडी नाही’ आणि ‘कवडीमोल’ हे शब्द ज्यांच्या तोंडात आहेत त्यांनी हा तुकडा शिंपला म्हणून न शिकता कवडी म्हणून शिकावा. माझ्या डोक्यात तो तसाच बसला आहे.

दुसरा फसवा तुकडा चंद्राचा. बाहू (उदे), कंबर, छाती, पाठ, पोट, मेंदू यांच्या कांजीत तो दिसतो. मेंदूत चंद्र कशाला? तो चंद्र नाही. मांस या कांजीचं ते आखडलेलं रूप आहे, नाव निकुझुकि. एवढं कळलं की शरीराच्या डझनभर कांजी एका दोरीत ओवल्या जातात.

तुकडे कळले की गोष्ट आपोआप सुचते. माणूस झाडाला टेकला की ‘यासुमु’, विश्रांती. झाडं दोन म्हणजे ‘हायाशि’, राई, आणि तीन म्हणजे ‘मोरि’, वन. ‘एकि’ म्हणजे रेल्वे स्टेशन, पण डावीकडे घोडा आहे, कारण पूर्वी तो घोडे बदलायचा टप्पा होता. माझी सर्वांत लाडकी ‘तोऽगे’: डावीकडे डोंगर, उजवीकडे ‘वर’ आणि त्याखाली ‘खाली’. जिथपर्यंत चढ आणि जिथून उतार, तो घाटमाथा. ही चीनमधून आलेली नाही, जपान्यांनी घडवली. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ती एकदा दाखवली की पुरते.

जिथे खरी व्युत्पत्ती सोपी आणि रंजक आहे तिथे ती वापरा. जिथे ती गुंतागुंतीची आहे तिथे स्वतःची गोष्ट रचा, आणि ती मराठीत रचा. इंग्रजी अर्थांच्या तयार याद्या मिळतात, पण त्यामुळे कधीकधी सरळ गोष्ट वाकडी होते. उदाहरण विजेचं. ‘देन’ या कांजीत डोक्यावर पाऊस आहे. मूळ अर्थ आकाशातली वीज. आज ती विद्युत म्हणून वापरतात: देन्वा म्हणजे फोन, देन्शा म्हणजे विजेची रेल्वे, देन्कि म्हणजे वीज, दिवे. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द लागतात. आपल्याकडे आभाळात चमकते तीही वीज आणि बिल येतं तीही वीज. कार्डावर मराठी अर्थ लिहायचा तो यासाठी.

चौथी पायरी: ओन आणि कुन, म्हणजेच हस्त आणि हात

विद्यार्थी सर्वांत जास्त इथे अडतात. एका कांजीला दोन जातींचे उच्चार का? कुन-योमि म्हणजे जपानी भाषेतला आधीपासूनचा घरचा शब्द. ओन-योमि म्हणजे चीनमधून कांजीबरोबर आलेला उच्चार. पुस्तकात एवढंच सांगतात आणि कोणता कुठे वापरायचा हे विद्यार्थ्यावर सोडतात.

आता मराठी ऐका. आपल्याकडे ‘हात’ आहे आणि ‘हस्त’ही आहे. हात दुखतो, हस्त दुखत नाही. पण सही करतो ती हस्ताक्षरात, भेटल्यावर करतो ते हस्तांदोलन, नको तिथे करतो तो हस्तक्षेप. ‘हस्त’ एकटा फारसा येत नाही, समासात येतो. जपानीत हात म्हणजे ‘ते’, आणि समासात तो बहुधा ‘शु’ होतो. सेन्शु म्हणजे खेळाडू, काशु म्हणजे गायक, आणि आकुशु म्हणजे हस्तांदोलन. पाणी आणि जल घ्या. प्यायचं ते पाणी, ‘मिझु’. पण पोहण्याच्या खेळाला आपण जलतरण म्हणतो आणि जपानी माणूस म्हणतो सुइएइ. जल म्हणजे सुइ. तुमच्या मनात समासाच्या जागी संस्कृत शब्द आपसूक येतो. त्याच जागी जपान्याच्या मनात ओन उच्चार येतो.

म्हणून पहिला अंदाज असा बांधायचा: कांजी एकटी असेल, किंवा तिच्या शेपटीला हिरागाना लागले असतील, तर कुन. दोन-तीन कांजी मधे हिरागाना न येता चिकटून आल्या असतील तर ओन. हा अंदाज पुष्कळ वेळा बरोबर ठरतो.

अपवादही मराठीसारखेच. आपण ‘हस्तमोजे’ म्हणत नाही, हातमोजे म्हणतो. जपानीतही हातमोजा ‘तेबुकुरो’ आहे, ‘ते’ आणि ‘फुकुरो’ (पिशवी), दोन्ही घरचे शब्द. पत्र म्हणजे ‘तेगामि’, हात आणि कागद. घरगुती, जुन्या वापराच्या वस्तू दिसल्या की कुन असेल अशी शंका घ्या. आडनावंही बहुधा कुनच: यामादा, तानाका, नाकामुरा. काही शब्दांत ओन आणि कुन मिसळलेलेही सापडतात.

तेगामिमध्ये ‘कामि’चा ‘गामि’ झाला, तेबुकुरोत ‘फु’चा ‘बु’. बाहेर पडायचा रस्ता ‘देगुचि’, तिथे ‘कुचि’चा ‘गुचि’. क चा ग, त चा द. वर्गातलं पहिलं अक्षर तिसरं होतं. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, वाक् आणि ईश मिळून वागीश, हे शाळेत शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. स चा झ आणि ह चा ब होतो, तेवढं वेगळं लक्षात ठेवा. ‘गाकु’ आणि ‘कोऽ’ जोडून ‘गाक्कोऽ’, शाळा, हेही संधीचंच काम. अशा बदलांच्या याद्या पाठ करू नका. शब्द मोठ्याने वाचत राहिलात की जीभ स्वतःच तिकडे वळते.

शेपटीच्या हिरागानांना ओकुरिगाना म्हणतात. ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, कारण उच्चार तेच ठरवतात. जन्म, जीवन, कच्चं असे अर्थ असणारी एक कांजी आहे, तिचे उच्चार सेइ, शोऽ, इ, उ, हा, नामा असे बरेच. हे ओळीने पाठ करणाऱ्याचा गोंधळ ठरलेला. त्याऐवजी पाच शब्द शिका: सेन्सेइ (शिक्षक), तान्जोऽबि (वाढदिवस), इकिरु (जगणे), उमारेरु (जन्मणे), नामा (कच्चं). उच्चार शब्दांच्या पोटात बसून येतात आणि हवे तेव्हा बाहेर येतात.

उरतात ते आख्ख्या शब्दालाच दिलेले उच्चार, ज्यांची कांजीनुसार फोड होत नाही. आज म्हणजे ‘क्योऽ’, प्रौढ माणूस म्हणजे ‘ओतोना’, न जमणारा म्हणजे ‘हेता’, आणि मला अडवणारा ‘जोऽझु’. जोयो यादीच्या शेवटी अशा ११६ शब्दांची पुरवणी आहे. हे तेवढे सरळ पाठ करा.

पाचवी पायरी: उच्चार सांगणारा तुकडा

बहुसंख्य कांजी अशा घडल्या आहेत की एक तुकडा अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा ओन उच्चार सुचवतो. हे मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर कितीतरी कष्ट वाचले असते.

‘आओ’ म्हणजे निळा, ओन उच्चार सेइ. त्याला डावीकडे पाण्याचे थेंब लावले की स्वच्छ, निर्मळ. सूर्य लावला की आभाळ निवळणे. तांदूळ लावला की सार, सत्त्व. बोलणं लावलं की मागणी करणे. चारही सेइ. पाचवी ओळख नसलेली कांजी आली आणि उजवीकडे हाच तुकडा दिसला, तर सेइ म्हणून बघायला हरकत नाही. हृदय लावलेली मात्र ‘जोऽ’ होते, भावना या अर्थाची. दगा अधूनमधून होतो, तरी अंदाजाने वाचायची सवय लावून घ्या. साधारण तीनशे कांजी झाल्या की वहीची मागची पानं या कुटुंबांसाठी ठेवा. एका पानावर एक उच्चार-तुकडा, त्याखाली त्याची पोरं.

सारख्या दिसणाऱ्या कांजी

कुटुंबाचा त्रासही होतो. ‘तेरा’ म्हणजे मंदिर. त्याला सूर्य लावला की ‘तोकि’ (वेळ), हात लावला की ‘मोत्सु’ (धरणे), पावलं लावली की ‘मात्सु’ (थांबणे), माणूस लावला की ‘सामुराइ’, बोलणं लावलं की ‘शि’ (कविता). मी एकदा दारावर चिठ्ठी लावली, ‘थोडं थांबा’ म्हणून. ‘मात्ते कुदासाइ’ लिहायचं होतं, लिहिलं ‘मोत्ते कुदासाइ’, थोडं धरा. शेपटीचे हिरागाना दोन्हीकडे तेच, फरक फक्त डावीकडच्या तुकड्याचा.

उपाय सोपा आहे. गोंधळ झाला की दोन्ही कांजी एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहा, फरकाचा तुकडा लाल पेन्सिलीने काढा आणि दोन्ही येतील असं एक वाक्य बनवा. ‘पिशवी हातात धरून थांबले.’ वेगवेगळ्या पानांवर शंभर वेळा लिहून हा गोंधळ सुटत नाही. माती आणि योद्धा (आडव्या रेघांची लांबी), ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ (पुन्हा लांबीच), माणूस आणि ‘आत शिरणे’, यांना पहिल्याच महिन्यात असं समोरासमोर बसवा.

सहावी पायरी: कार्ड आणि उजळणी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे उजळणी आधी लवकर-लवकर, मग लांबवत न्यायची. दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. कागदी कार्डं असतील तर बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्या कप्प्यात परत. संगणकावर किंवा फोनवर करायचं तर आंकी हा कार्यक्रम हेच आपोआप करतो. नावाचा अर्थच जपानीत पाठांतर असा आहे.

कार्ड कसं लिहायचं याला साधनापेक्षा जास्त महत्त्व आहे. पुढच्या बाजूला सुटी कांजी नको, छोटं वाक्य हवं, त्यात शिकायचा शब्द अधोरेखित. मागे त्या एकाच शब्दाचा हिरागानातला उच्चार आणि मराठी अर्थ. बाकीचे उच्चार लिहायचे नाहीत, त्यांची वेगळी कार्डं त्यांच्या-त्यांच्या शब्दांबरोबर येतील. दुसऱ्यांनी बनवलेले हजारो कार्डांचे गठ्ठे फुकट मिळतात, मी ते वापरू नका असंच सांगेन. कार्ड लिहिताना निम्मं शिकून होतं.

आंकीत रोजची नवी कार्डं सुरुवातीलाच वीस ठरवलेली असतात. ती पाचवर आणा. माझ्या अनुभवात रोजच्या पाच नव्या कार्डांमागे दोन महिन्यांनी तीस-चाळीस जुनी उजळणीला येतात, आणि तेवढी लोकलमध्ये किंवा बसमध्ये उरकतात. वीसने सुरुवात करणारे दुसऱ्या महिन्यात थकून सोडून देतात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

कोणत्या आधी, किती, आणि हाताने लिहायच्या का?

जपानी मुलं पहिलीत ८० कांजी शिकतात, दुसरीत १६०, आणि सहावीपर्यंत मिळून १०२६. हा क्रम आपल्याला जसाच्या तसा चालत नाही. मुलांना बोली येत असते, आपल्याला नसते. ‘वाताशि’, म्हणजे ‘मी’, ही कांजी शाळेत सहावीला येते. आपल्याला ती पहिल्या महिन्यात लागते. तुमच्या पाठ्यपुस्तकात जो शब्द आला, त्याच्या कांजी घ्या.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या २०१० पासून एन ५ ते एन १ अशा पाच पातळ्या आहेत. पुणे-मुंबईत बरेच जण ती देतात. कांजींची अधिकृत यादी आता जाहीर होत नाही, पण शिक्षक साधारण हा हिशेब धरतात: एन ५ ला शंभर, एन ४ ला तीनशे, एन ३ ला साडेसहाशे, एन २ ला हजार, एन १ ला दोन हजार. या परीक्षेत हाताने लिहावं लागत नाही, पर्याय निवडायचे असतात. म्हणून काही जण लिहिणं पूर्ण सोडतात. माझं मत वेगळं आहे. पहिल्या तीनशे हाताने लिहाच, कारण तुकडे आणि रेघांचा क्रम हाताशिवाय बसत नाही. त्यानंतर फक्त गोंधळ होणाऱ्या आणि स्वतःच्या पत्त्यात, अर्जात लागणाऱ्या लिहा. बाकीच्या ओळखता आल्या आणि टाइप करताना बरोबर निवडता आल्या की पुरे. २९ रेघांची ‘उत्सु’ (उदासी) २०१० मध्ये जोयो यादीत आली. ती मी आजही न बघता लिहू शकत नाही, पण वाचताना कधी अडत नाही.

वाचायला लगेच लागा

शंभर कांजी झाल्या की फुरिगाना असलेली, म्हणजे कांजीवर बारीक हिरागानात उच्चार छापलेली मुलांची पुस्तकं घ्या. पोस्टकार्डाने फुरिगाना झाकून ओळ वाचा, मग कार्ड सरकवून तपासा.

जपानला निघालेल्यांनी, विशेषतः शाकाहारी असलेल्यांनी, पाकिटावरच्या कांजी विमानात बसण्याआधी शिकाव्यात. घटकांच्या यादीवर ‘गेनझाइर्योऽमेइ’ असं लिहिलेलं असतं. त्यात निकु (मांस), बुता (डुक्कर), ग्यूऽ (गाय-बैल), तोरि (कोंबडी), साकाना (मासा), तामागो (अंडं), न्यूऽ (दूध) बघायचे. कोंबडीची कांजी १९ रेघांची आहे, लिहू नका, फक्त चेहरा ओळखा. काताकानात लिहिलेला ‘राऽदो’ही बघा, ती डुकराची चरबी. भुकेल्या पोटी दुकानात उभं राहून वाचलेली कांजी पुन्हा विसरत नाही.

ढीग साचला तर

आजारपण, परीक्षा, लग्नसराई. कधीतरी तीन आठवडे कार्डांना हात लागत नाही आणि आंकी उघडल्यावर सहाशे कार्डं वाट बघत असतात. बहुतेकांचा अभ्यास इथेच सुटतो. अशा वेळी नवी कार्डं पूर्ण बंद करा. रोज पन्नास जुनी, त्याहून जास्त नाही. ढीग दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येतो. निम्मी उत्तरं चुकतील, चुकू द्या. पुन्हा शिकताना पहिल्याइतका वेळ लागत नाही, कारण तुकडे ओळखीचे असतात. जे कार्ड चौथ्यांदा अडेल ते मात्र काढून टाका. तो शब्द घालून नवं वाक्य लिहा, शक्यतो त्याच दिवशी तुमच्या घरात घडलेल्या एखाद्या गोष्टीचं, आणि ती कांजी चौकटीच्या वहीत एकदा सावकाश लिहा. मग ते नवं कार्ड पहिल्या कप्प्यात.